आईच्या बंदुकीची दारू

बंदुकीत भरायची दारू निवडायला एका शिकल्यासवरल्या माणसाला किती वेळ लागावा? आमच्या घरी एक अख्खा हिवाळा लागला. तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या बाबांनी, घर निवडायला एवढा वेळ घेतला नव्हता, मोटार निवडायला घेतला नव्हता, आणि बायको तर, आईच्या म्हणण्याप्रमाणे, पोहे गार व्हायच्या आत निवडली होती. मुलांनो, मागे फोनवर तुम्ही विचारलंत की आजी, तुमच्या घरात खरंच बंदूक होती का? होती. जर्मनीत, स्टुटगार्टच्या एका चढावरच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, बेडरूममधल्या लोखंडी कपाटात. बाबांच्या नावावर होती आणि आईसाठी घेतलेली होती. हा किस्सा आपल्या नातेवाइकांत सांगितला जातो तेव्हा त्यात बाबा मोठे प्रामाणिक ठरतात. मी तिथे हजर होते. म्हणून जे झालं ते नीट क्रमाने लिहून ठेवते.

बाबा मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. ते आमच्या पुष्कळ आधी तिकडे गेले. आई आणि मी पुण्यात राहिलो, कारण माझी इंग्रजी शाळा चांगली होती आणि बाबांचं कॉन्ट्रॅक्ट दर वेळी संपायचंच असायचं. ते काही संपलं नाही. शेवटी मी पंधरा वर्षांची असताना आम्ही दोघी तिकडे गेलो, तेव्हा बाबांना मी ओळखत होते ते मुख्यतः आवाजावरून. प्रत्यक्षात ते आवाजापेक्षा बुटके निघाले. वाक्यागणिक ‘गेनाऊ’ म्हणायची सवय त्यांना लागली होती, म्हणजे ‘अगदी बरोबर’, आणि ते बहुतेक स्वतःच्याच बोलण्याला म्हणत. घरात मात्र सगळं आईच्या पद्धतीने लागलं. दुकानाच्या पुडीत एकही वस्तू राहायची नाही. डाळी, पोहे, जिरं, कॉफी, भांडी घासायची पावडरसुद्धा, सगळं त्याच दिवशी बरणीत जायचं. जर्मन काकड्यांच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या आई उकळून घ्यायची आणि मी त्यांवर लेबलं लावायची. माझी कपाटं पाहून तुम्ही हसता ना, तो नीटनेटकेपणा तिथला आहे. शनिवारी सकाळी खाली रस्त्यावर शेजारीण बाई झाडू मारत असे, कारण त्या गावात प्रत्येक घराला झाडण्याचा आठवडा नेमून दिलेला होता. त्या खराट्याचा आवाज, चर्चची घंटा आणि आईच्या कढईतल्या साबुदाण्याची चुरचुर, हा माझा तिथला शनिवार.

बाबा नेमबाजीच्या क्लबात गेले ते नेमबाजीसाठी नव्हे. त्यांच्या विभागाचे साहेब त्या क्लबात होते. रानाच्या कडेला एक मैदान, एक लाकडी शेड, भिंतीवर मेलेल्या हरणांची शिंगं आणि हिरव्या कोटातली ढेरपोटी माणसं. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बारा बोअरच्या बंदुकीने फोडायच्या, आणि मग फोडल्या त्यापेक्षा न फोडलेल्या तबकड्यांवर जास्त वेळ बोलायचं. वारा, ऊन, चष्मा, काडतूस, सगळ्यांचा दोष निघायचा. नेम चुकला असं मी तिथे कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. बाबा तिथे अगदी घरच्यासारखे रमले. आईला त्यांनी नेलं ते केकच्या टेबलासाठी. बायकांनी काही ना काही करून आणायचं असा रिवाज होता. आईने बटाटेवडे नेले. ते केकच्या आधी संपले आणि क्लबाचे अध्यक्ष हेर श्वेंक (हेर म्हणजे तिकडचं ‘श्रीयुत’), पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा, खूश होऊन म्हणाले की आता बाईंनी एक बार काढून पाहावा. सगळे हसले. आईने तेलकट हात रुमालाला पुसले, बंदूक धरली आणि तबकडी फोडली. पुढचीही फोडली. मग हसणं थांबलं.

आईला आयुष्यात एखादी गोष्ट अशी आपोआप यावी, याचं तिलाच नवल वाटलं. भाषा तिला कष्टाने येत होती, पदवी पुण्याची म्हणून तिकडे कोणी विचारत नव्हतं, आणि तिची ओळख ‘वडेवाल्या बाई’च्या पुढे जात नव्हती. त्या मैदानावर ती उभी राहिली की पाठीचा कणा बदलायचा. बाकीचे तबकडी सोडण्यासाठी ‘हॉप’ म्हणून ओरडायचे. आई म्हणायची ‘हं’, जसं एखाद्याला बोलायची परवानगी द्यावी तसं. अडचण एकच होती. तिचा उजवा खांदा आखडलेला होता आणि बारा बोअरचा दणका तिला सोसत नव्हता; घरी येऊन ती गरम पाण्याची पिशवी लावून पोळ्या लाटायची. तेव्हा हेर श्वेंकनी सुचवलं की अठ्ठावीस बोअरची हलकी बंदूक घ्या. या हिशोबात आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बाबांनी एका म्हाताऱ्या सभासदाची जुनी बंदूक घेतली, आणि इथून बाबांचं शास्त्र सुरू झालं.

बारीक नळीची काडतुसं दुकानात सहसा मिळत नसत. मिळाली तरी आईला हवे तसे छर्रे नसत. म्हणून ती घरी भरायची असं ठरलं. त्यासाठी सरकारी परवाना लागतो, परवान्यासाठी कोर्स लागतो. बाबांनी तो केला आणि तळघरातल्या आमच्या खोलीत एक हातयंत्र बसवलं. रिकामं काडतूस खाली ठेवायचं, दांडा ओढायचा, टोपी बसवायची, दारू, बूच, छर्रे, तोंड मिटवायचं. त्या दांड्याची खटखट जिन्यातून वर यायची. पण खटखट पुढची. त्याआधी दारूची निवड. मुद्दा खरं म्हणजे एका वाक्याचा होता आणि हेर श्वेंकनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता: बारा बोअरची दारू झटकन जळते, ती बारीक नळीत भरली तर दाब भलताच चढतो आणि नळी फाटू शकते, बारीक नळीला सावकाश जळणारी लागते, अमुक नावाची घ्या, तिच्याबरोबर जे पुस्तक मिळतं त्यात लिहिलंय तेवढीच भरा, डोकं चालवू नका. शेवटचे तीन शब्द बाबांनी ऐकलेच नाहीत.

त्यांच्या मदतीला होते एश्बॉर्नचे देवधर काका. काका कॉम्प्युटरवाले, फ्रँकफुर्टजवळच्या कचेऱ्यांत सल्ले देणारे, आणि बंदूक त्यांनी पाहिली होती ती दिवाळीत टिकल्या फोडायची. दर शनिवारी त्यांचा फोन यायचा आणि तो स्पीकरवर टाकून बाबा खिचडी खात बसायचे. कोणती दारू धूर कमी करते, कोणती थंडीत सुस्तावते, कोणती मापातून सारखी पडते, कोणती बुचाखाली नेमकी मावते. काकांनी एक एक्सेल शीट केली. प्रत्येक गुणाला भारांक दिले. मग भारांकांवरून वाद. ‘आल्झो,’ म्हणजे ‘तर मग’, काका म्हणायचे, ‘स्वच्छ जळण्याला तू फार वेटेज दिलंयस.’ बाबा म्हणायचे, नळी तू येऊन साफ करणार का. आई दोघांच्या मधून दाण्याचं कूट नेत असे. तिला कोणी काही विचारत नव्हतं; बंदूक तिच्या खांद्याला लागणार होती एवढाच तिचा संबंध. पुढे आयुष्यभर मी अशा बैठका पाहिल्या. ज्याच्या गळ्याशी येणार तो कोपऱ्यात चहा ओततो आणि ज्यांच्या काही येणार नाही ते भारांक ठरवतात. शेवटी ती शीट बर्फ वितळेपर्यंत चालली आणि तिच्यातून जी दारू पहिली आली ती हेर श्वेंकनी सांगितलेलीच निघाली. काकांनी याला ‘व्हॅलिडेशन’ असं नाव दिलं.

तरी इथवर नुसतं हसण्यासारखं होतं. बाबांकडे आता दोन दारू झाल्या, त्यांच्या स्वतःच्या बारा बोअरची झटपट आणि आईची सावकाश. दोन्ही कुरूप प्लास्टिकच्या बाटल्यांत आल्या होत्या. कोर्सात अगदी आरंभालाच शिकवलेलं असतं की दारू तिच्या मूळ बाटलीतून कधी काढून ठेवायची नाही. ते कायद्यातही आहे. पण बाबा आमच्याच जातकुळीतले. दुकानाच्या बाटलीत वस्तू ठेवणं त्यांना गबाळेपणाचं वाटलं. त्यांनी आईच्या धुतलेल्या काकड्यांच्या दोन बरण्या नेल्या, अगदी एकसारख्या, आणि दारू त्यांत ओतली. बाटल्या फेकून दिल्या. लेबलंही लावली, आणि ती झाकणांवर लावली.

आईच्या घरात कामाला लागलेल्या कोणत्याही मुलीने सांगितलं असतं की लेबल बरणीच्या पोटावर लावायचं, कारण झाकण बरणीचं नसतं. एका रविवारी मी बाबांना चहाला बोलवायला तळघरात उतरले. ते फोनच्या कॅमेऱ्यावर देवधर काकांना दाणे दाखवत होते. काकांना फरक बघायचा होता. दोन्ही बरण्या उघड्या, दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी. एका बरणीतली दारू हिरवट करडी होती आणि दुसरीतली करडट हिरवी. मी विचारलं, कुठलं झाकण कुठलं? बाबांनी दोन्हींकडे पाहिलं. फार थोडा वेळ पाहिलं, पण मी तो पाहिला. मग म्हणाले, ‘गेनाऊ, हे याचं,’ आणि झाकणं फिरवून बंद केली. त्याच आठवड्यात त्यांनी आईची काडतुसं भरली. आता ती आईसाठी होती की नळी फाडण्यासाठी, हे सांगायला तळघरात एक यंत्र, एक एक्सेल शीट आणि एक इंजिनिअर होता, आणि तिघांनाही सांगता येत नव्हतं.

मी ते आईला सांगितलं. ती वांगी चिरत होती. सुरी थांबली नाही. शेजारच्या गावच्या क्लबाबरोबर शरदातला सामना आठवड्यावर आला होता आणि आपल्या क्लबाच्या संघात आईचं नाव लागलं होतं. त्या क्लबात आजवर एकाही बाईचं लागलं नव्हतं. पुण्याला मावशीला फोन करून तिने ते दोनदा सांगितलं होतं, दुसऱ्यांदा विसरल्याचं नाटक करून. जेवताना तिने बाबांना शांतपणे विचारलं की ती काडतुसं टाकून देऊन नवी भरता येतील का. बाबा म्हणाले, दारू मागवावी लागेल, सामन्याच्या आत येणार नाही, आणि टाकायची कशासाठी? मग दाण्यांचा आकार, जळण्याचा वेग, पृष्ठभागाचं गणित. आई ऐकत राहिली. गणित संपल्यावर म्हणाली, ‘अहो, पण ती तीच आहे ना?’

‘अगं, मी इंजिनिअर आहे,’ बाबा म्हणाले.

तिने त्यांना आणखी आमटी वाढली. मला वाटलं, संपलं. ही आता खांदा दुखतो असं सांगणार आणि त्यांची अब्रू झाकणार. आमच्याकडच्या बायकांचं हे ठरलेलं दुखणं. मी आठवडाभर तिच्यावर चिडून होते. तिने खांद्याचं नावही काढलं नाही. सामन्याच्या सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, केस घट्ट बांधले, आणि बाबांनी भरलेली काडतुसं मुकाट्याने जाकिटाच्या खिशात घातली. मोटारीत मी मागे बसले होते आणि मला तिचा उजवा गाल दिसत होता. बंदूक धरली की लाकूड त्याच गालाला टेकतं.

मैदानावर दोन्ही गावचे लोक होते, बटाट्याच्या सॅलडचं भलं मोठं पातेलं होतं, बाबांचे साहेब सपत्नीक होते. आपल्या संघातले पुरुष आपापले बार काढून आपापली कारणं सांगून झाले. हेर श्वेंकनी आईचं नाव पुकारलं. आई मधून उघडलेली रिकामी बंदूक हातावर घेऊन जागेवर गेली आणि तिथून वळून सरळ दोरीमागे उभ्या असलेल्या बाबांकडे आली. बंदूक त्यांच्यापुढे धरली, वर एक काडतूस ठेवलं.

‘अहो, आधी तुम्ही,’ ती म्हणाली. ‘एकच बार काढा. मग मी.’

हेर श्वेंकनी काय झालं म्हणून विचारलं. आईने तिच्या साध्या जर्मनमध्ये सांगितलं की माझे यजमान आधी एक बार काढतील, मग मी. सणाला नवऱ्याचं पान आधी वाढतात, तसला काही भारतीय रिवाज असेल असं लोकांना वाटलं. साहेबांच्या बायकोने तर कौतुकाने मान डोलावली. हेर श्वेंकनी परवानगी दिली. बाबांना बंदूक घेण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? ते जागेवर गेले. काडतूस आत घातलं, नळी मिटली, बंदूक गालाला लावली. सगळे ‘हॉप’ची वाट बघत होते. लांब रानात कोणीतरी लाकूड तोडत होतं, ते ऐकू यायला लागलं. बाबांचा कान लाल झाला, मग पांढरा. मी आईकडे पाहिलं तर ती हाताची घडी घालून उभी होती, बसची वाट पाहावी तशी.

बाबांनी बंदूक खाली घेतली. उघडली. काडतूस काढलं आणि तळहातावर धरून राहिले.

‘यात कोणती दारू आहे,’ ते जर्मनमध्ये म्हणाले, ‘मला माहीत नाही.’

हेर श्वेंकनी पुढचं सगळं विचारून घेतलं, बरण्यांसकट. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. एखाद्याने देवघरात चपला ठेवल्यासारखं ते बाबांकडे बघत होते. काडतुसं तिथेच जप्त झाली. दोन दिवसांनी बरण्याही गेल्या. क्लबाने वर कळवलं आणि बाबांचा काडतुसं भरायचा परवाना रद्द झाला. पण ते नंतर. त्या दुपारी काय झालं ते ऐका, कारण किस्सा सांगणारे इथेच घोटाळा करतात. साहेब पुढे आले, बाबांच्या खांद्यावर थाप मारली, म्हणाले, एवढ्या लोकांत हे कबूल करायला छाती लागते. दुसऱ्याने बिअर आणून दिली. प्रामाणिक माणूस, प्रामाणिक माणूस, असं सगळ्या शेडभर झालं. अठ्ठावीस बोअरची दुसरी काडतुसं मैदानावर कोणाकडेही नव्हती. संघात आईच्या जागी एका लठ्ठ दातवैद्याला घेतलं आणि त्याने निम्म्याहून अधिक तबकड्या आकाशात तशाच सोडल्या. त्या दिवशी ऊन डोळ्यांवर होतं म्हणे. आईशी कोणी काही बोललं नाही. ती केकच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली आणि पुऱ्या वाढू लागली.

परतताना बाबा मोटार चालवत होते आणि थोड्या थोड्या वेळाने आरशात माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, शेवटी सांगितलं की नाही मी. त्यांना शाबासकी हवी होती. मैदानावर मिळाली ती पुरली नव्हती. आई खिडकीतून द्राक्षांचे मळे बघत राहिली.

पुढच्या वर्षी तो कोर्स आईने केला. तळघराची किल्ली तिच्याकडे आली. दुकानातून दारू आणायला मी तिच्याबरोबर गेले होते. तीळ आणावेत तशी तिने ती आणली, नाव सांगितलं, बाटली घेतली आणि बाहेर पडली. देवधर काका फोनवर म्हणाले, वहिनी, शीट पाठवू का. वहिनींनी त्यांना तिकडची हवा विचारली. संघात तिचं नाव पुन्हा लागलं ते आणखी एका वर्षाने, आणि ती चांगली खेळली. पण पहिली बाई म्हणून नाही. मधल्या काळात दातवैद्याच्या मुलीला घेतलं होतं.

एकदा, पुष्कळ दिवसांनी, आम्ही दोघी मटार सोलत होतो तेव्हा मी तिला विचारलं. त्या प्रसंगाचा विचार करताना तिच्या धीराचा मला धाक वाटायचा. मी म्हटलं, आई, बाबांनी खरंच चाप ओढला असता तर?

‘स्वतःच्या गालाला लावून?’ आई म्हणाली, आणि एक शेंग मोडली. ‘छे.’